दर पंचवीस मिनिटांनी येणारा आत्मा

धाकटी नात ज्या वर्षी भिंतीला धरून पहिल्यांदा उभी राहिली, त्या वर्षीची ही गोष्ट. ती उभी राहिली तेव्हा घरात तीसएक माणसं होती, पण कौतुक करायला एकही नाही. झाडून सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या संगणकाला चिकटले होते. पोरगी धपकन खाली बसली, तिनं भोकाड पसरलं, तर पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "शू! त्याची यायची वेळ झाली."

"त्याची" म्हणजे तिच्याच बापाची. बाप जाऊन चार महिने झाले होते.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. जिन्यात चपलांचा ढीग, दारात माणसांचा, आणि स्वयंपाकघरात रिकाम्या कपांचा. संगणकावर एक खेळ चालू होता. त्यात कोणाला मारायचं नसतं की कोणाला हरवायचं नसतं. समुद्राकाठचं छोटं गाव, त्यात आपलं घर बांधायचं, मासे धरायचे, शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलायचे, एवढंच. गावाच्या टोकाला दीपगृह आणि त्यात एक दीपगृहवाला. या घरच्या मुलानं हौसेनं त्या दीपगृहवाल्याला स्वतःचा चेहरा आणि स्वतःचा आवाज दिला होता.

खेळातला सूर्य बुडाला. गावातली दारं एकामागून एक बंद झाली. आणि रस्त्यानं तो आला. तेच रुंद कपाळ, तीच वाकडी भुवई. तो खेळातल्या त्यांच्या घराशी थांबला, दाराला नाक लावून उभा राहिला, आणि त्यानं दोन्ही हात बाजूंना ताठ पसरले. मग त्याचा आवाज आला, जसाच्या तसा: "दिवा लावू का?"

खोलीत हुंदका फुटला. तळमजल्यावरची शिंपीण पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "बाई गं! बायकोला कवेत घ्यायला बघतोय हो!"

"कवेत नाही," खुर्चीतून गंभीर आवाज आला. "आशीर्वाद देतोय."

खुर्चीत यंत्रगुरू बसले होते. पांढरा झगा, गळ्यात चार्जरच्या वायरीची माळ, खिशाला ओळीनं चार पेनड्राइव्ह. दोन वर्षांपूर्वी हाच गृहस्थ गल्लीच्या तोंडाशी संगणक दुरुस्त करायचा. दुकानाची पाटी अजून होती, पण तिच्याखाली आता दुसरी लोंबत होती: 'अडकलेल्या आत्म्यांची सुटका. आधी वेळ घ्यावी.'

"आत्मा म्हणजे काय?" गुरूंनी सुरुवात केली. "डेटा! शरीर म्हणजे काय? डबा! डबा फुटला तर डेटा कुठे जातो? ढगात. आणि ढगात जागा नसली तर?"

"तर?" तीस माणसांनी श्वास रोखून विचारलं.

"अडकतो! या बिचाऱ्याचं शेवटचं लक्ष कुठे होतं? या यंत्रात. म्हणून इथेच लटकला. तो दिवा मागतोय, दिवा! पुढच्या वाटेसाठी! नव्वद दिवस हे यंत्र जागचं हलता कामा नये. माझ्याशिवाय कोणी हात लावता कामा नये. पत्नीनं रोज समोर बसायचं. त्यानंतर मी हे माझ्या केंद्रात नेऊन स्थापन करीन."

"विज्ञानसुद्धा आता हेच म्हणतंय," निवृत्त हेडमास्तरांनी मान डोलावली. विज्ञान हे कुठे म्हणतंय, ते त्यांनी सांगितलं नाही. या चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत सर्वांत शिकलेले तेच, त्यामुळे त्यांना विचारायची कोणाची छातीही झाली नाही. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण जे कळत नाही ते कबूल करण्यापेक्षा त्याला मान डोलावणं सोपं, हे त्यांना तीस वर्षांच्या नोकरीत कळलं होतं.

भिंतीशी स्टुलावर मुलाचे वडील बसले होते. घरचे आणि दारचे सगळे त्यांना अप्पा म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या भिंती रंगवल्या. गर्दी गुरूंना पाहत होती, सून पडद्याकडे पाहत होती आणि अप्पा सुनेकडे पाहत होते.

सून रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात तिला नोकरी लागली होती, राहायला दोन खोल्यांसकट. सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं होतं. नाही गेली तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार होती. बुधवारपर्यंत तिनं एकही पेटी भरली नव्हती.

"सूनबाई, सामान कधी बांधायचं?" गर्दी ओसरल्यावर अप्पांनी विचारलं.

"कसं जाऊ, अप्पा? तो दाराशी उभा आहे. मी त्याला बाहेर ठेवून निघून जाऊ?"

खरं सांगायचं तर अप्पांचाही पाय निघत नव्हता. पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. जिवंतपणी पोरगा या घराच्या दारात कधी पाच सेकंदही उभा राहिला नव्हता. बेल वाजवायचा, दार बडवायचा, आणि तरी कोणी उघडलं नाही तर खालून हाका मारून अख्खी इमारत डोक्यावर घ्यायचा. मेल्यावर एवढा शिस्तीचा कसा झाला?

आणखी एक टोचणी होती. तिच्यासाठी थोडं मागं जायला हवं.

अप्पांना अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती. शिकवलं ते याच मुलानं, आणि याच खेळात. अशा खेळात मूळचं नसलेलं काही कोणीतरी हौसेनं करून वरून चढवतं, त्याला मॉड म्हणतात. कोणी नवी झाडं चढवतं, कोणी नव्या होड्या. मुलानं गावातल्या सगळ्या दुकानांवर मराठी पाट्या चढवल्या आणि बापाला रस्त्यारस्त्यानं फिरवलं. "अप्पा, काय लिहिलंय?" "टपाल." "आणि हे?" "ना... न्हावी. लेका, न्हाव्याच्या दुकानाला एवढा पिवळा रंग देतात का?" मॉडची यादी दाखवणारी खिडकीसुद्धा त्यानं बापासाठी मराठीत केली होती, आणि एका वहीत मोठ्या अक्षरांत सगळं लिहून ठेवलं होतं: कोणता मॉड काय करतो, कसा चढवायचा, कसा उतरवायचा.

उशिरा शिकलेला माणूस वाचतो कसा? एकेका अक्षरावर बोट ठेवून. शिकलेली माणसं ओळीवरून नजर फिरवतात आणि उरलेलं मनानं भरतात. अप्पांना मनानं भरता येत नव्हतं. लिहिलेलं सगळं वाचल्याशिवाय त्यांना काहीच कळायचं नाही.

गुरू रोज खेळ नव्यानं सुरू करत. सुरू होताना दर वेळी पडद्यावर एक पिवळा त्रिकोण आणि दोन ओळी यायच्या, आणि गुरू दर वेळी "विघ्ना, दूर हो!" म्हणून ती खिडकी बंद करायचे. मंगळवारी अप्पांचं वाचून झालं ते एवढंच: "सावधान: 'दीपगृह' आणि". बुधवारी ते थेट पुढून सुरू झाले: "'पाहुणा' हे दोन मॉड". गुरुवारी स्टूल टेबलाजवळ ओढून घेतलं आणि दुसरी ओळ धरली: "एकाच माणसाला बदलत आहेत. शेवटी". गुरूंचं बोट पडलं, खिडकी गेली.

"हेडमास्तर," अप्पांनी वाकून विचारलं, "त्या पिवळ्या त्रिकोणात काय लिहिलं होतं हो?"

"कुठल्या? ते होय! ते नेहमीचंच असतं. ते कोणी वाचत नाही."

"म्हणजे तुम्ही वाचलं नाही."

"मला पाहूनच कळतं, अप्पा. आता साठीला टेकताना मुळाक्षरं गिरवलेल्या माणसाकडून मी वाचन शिकू का?"

चारचौघे हसले. अप्पाही हसले. शुक्रवारी त्यांनी उरलेले शब्द मिळवले: "चढलेला टिकेल."

शेवटी चढलेला टिकेल! हे वाक्य वाचून अप्पांना वाटलं, हे तर आपल्या धंद्यातलंच. भिंतीवर तुम्ही निळा द्या, त्यावर मी पांढरा देतो. शेवटचा हात ज्याचा, त्याची भिंत. आणि दोन रंगांचं जमलं नाही, तेलरंगावर कोणी चुना फासला, तर महिन्याभरात पापुद्रे सुटतात आणि मालक म्हणतो, घरात भूत आहे. रंगही चांगला असतो, चुनाही चांगला असतो. एकाच भिंतीवर दोघांनी हात मारला, हे भूत.

शनिवारी सकाळी गर्दी यायच्या आधी अप्पा वही घेऊन सुनेसमोर उभे राहिले.

"मला एक तास दे. यंत्राला मी हात लावणार आहे."

सून पांढरीफटक पडली. "नको! अप्पा, बंद केलं आणि तो परत आलाच नाही तर?"

"परत येणारा असता ना पोरी, तर जिन्यानं आला असता. त्याला आपलं दार ठाऊक होतं."

मग तिनं स्वतःच खुर्ची ओढून दिली.

अप्पांनी वहीतली यादी आणि पडद्यावरची यादी शेजारी शेजारी धरली आणि बोट ठेवत उतरू लागले. झाडं, आहे. होड्या, आहेत. पाट्या, आहेत. दीपगृह, आहे. वहीत चौदा नावं, पडद्यावर सोळा. दोन जास्तीची: 'पाहुणा' आणि 'रात्रीचं कुलूप'.

"ही कोणी चढवली?"

"मी नाही. तो गेल्यावर मी फक्त साफसफाईला दिला होता संगणक, दुकानात," सून म्हणाली. प्रत्येक नावासमोर चढवल्याची तारीख होती. तिनं ती वाचली आणि कपाटातून दुकानाची पावती काढली. संगणक दुकानात होता ते तीन दिवस, आणि दोन्ही मॉड त्यातल्या मधल्या दिवसाचे. दुकान कोणाचं, हे सांगायला नको.

मग दोघांनी करून पाहिलं. दोन्ही उतरवले. खेळातली संध्याकाळ झाली, रस्ता रिकामा. दीपगृहवाला वर आपल्या जागी बसलेला, जवळ गेलं की विचारायचा, "दिवा लावू का?" त्याचं ते कामच होतं. मग एकटं कुलूप चढवलं: दारं बंद झाली, दीपगृहवाला आपल्या जागी. एकटा पाहुणा चढवला: दीपगृहवाला संध्याकाळी खाली उतरला, हात पसरून गावातल्या घराघरांत शिरला आणि निघून गेला. चमत्कार नाही, नुसतं चमत्कारिक. दोन्ही मिळून चढवले, आणि तो आला. दाराला नाक लावून उभा, हात पसरलेले.

शेवटी अप्पांनी एकच बदल केला. सगळे सोळाच्या सोळा ठेवले, फक्त यादीतलं 'दीपगृह' उचलून सर्वांत शेवटी ठेवलं. शेवटचा हात मुलाचा. दीपगृहवाला दीपगृहातच बसून राहिला.

सून पडद्याकडे पाहत होती. "म्हणजे तो मला बोलावत नव्हता," ती म्हणाली. ते दुःखानं म्हणाली की सुटकेनं, अप्पांना कळलं नाही. बहुधा तिलाही कळलं नसावं.

"पण लोकांना हे पटणार नाही," ती थोड्या वेळानं म्हणाली. "गुरू म्हणतील, तुम्ही त्याला हाकलून दिलंत."

"मग लोकांना पटेल असं करू," अप्पा म्हणाले. "त्या गुरूचं पत्रक आहे ना आपल्याकडे? त्यावर फोटो आहे." आणि त्यांनी 'दीपगृह' यादीत परत पहिल्या जागी नेऊन ठेवलं आणि वहीचं पान उलटलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'चेहरा कसा बदलायचा'.

रविवारी अकरा वाजता खोली खचाखच भरली. गुरूंनी माळ सारखी केली, पिवळ्या त्रिकोणाला दूर केलं आणि डोळे मिटले. "तो निघाला आहे. मला जाणवतंय. तो फार व्याकूळ आहे."

"एक विचारू का?" अप्पांनी स्टुलावरून विचारलं. "तो फक्त संध्याकाळीच का येतो?"

"संधिकाल! दोन जगांमधलं दार तेव्हाच किलकिलं होतं."

"पण खेळात संध्याकाळ दर पंचवीस मिनिटांनी होते. म्हणजे दिवसाला सत्तावन्न वेळा येतो तो. जिवंत असताना माझा लेक महिन्यातून एकदा वेळेवर यायचा नाही."

कोणीतरी फसकन हसलं. हेडमास्तरांनी दटावलं, "अप्पा, श्रद्धेच्या जागी हिशोब करू नये."

खेळातला सूर्य बुडाला. दारं बंद झाली. रस्त्यानं तो आला, दाराला नाक लावलं, हात पसरले. गुरू मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "बघा, ओळखा त्याला! तोच चेहरा!"

पुढच्या रांगेतल्या माना पडद्याकडे झुकल्या. मग शिंपीण म्हणाली, "अहो गुरू... हे तर तुम्ही आहात."

गुरूंनी डोळे उघडले. पडद्यावर त्यांचाच चेहरा, पत्रकावरचा, तेच मंद स्मित. झगा नव्हता, दीपगृहवाल्याचं निळं स्वेटर होतं, एवढाच फरक. हात पसरून गुरू बंद दाराला विचारत होते: "दिवा लावू का?"

"गुरू," अप्पा फार काळजीनं म्हणाले, "तुम्ही बरे आहात ना? जेवण वगैरे जातंय?"

मागच्या रांगेतून हसू फुटलं आणि जिन्यापर्यंत गेलं. "नाडी बघा रे त्यांची!" "आत घ्या त्यांना, गारठतील!" "नव्वद दिवस जागचे हलू नका बरं!"

"हे... हे माझं सूक्ष्म रूप आहे!" गुरू उठून उभे राहिले. "मी त्या आत्म्याला न्यायला आत उतरलो आहे!"

"मग शिंपीणबाईंनाही न्यायला पाठवू," अप्पा म्हणाले. "बाई, फोटो द्या तुमचा. पंचवीस मिनिटांत दाराशी उभं करतो."

"माझा नको मेला!" शिंपीण ओरडली. "हेडमास्तरांचा घ्या!"

तेव्हा सुनेनं पावती पुढं केली. ती ओरडली नाही. तारीख वाचली, मग पडद्यावरची तारीख वाचली, आणि गुरूंकडे पाहत राहिली.

गुरूंचा आवाज एकदम दुकानातला झाला. "हे बघा ताई, पाहुणा मी चढवला. कुलूपही मीच. साहेबांचा चेहरा दिसला, म्हटलं, दाराशी येऊन उभे राहिले तर तुम्हालाही बरं वाटेल, माझंही नाव होईल. पण शपथेवर सांगतो, हात मी पसरवले नाहीत! दीपगृहवाला मी निवडला नाही! वाटलं होतं, कोणीतरी परका पाहुणा येईल, मग साहेबांना मी हातानं आणीन. पण हे स्वतःहून उतरून आले! ते पाहिलं तेव्हा मीच रात्रभर झोपलो नाही. म्हटलं, आपल्यात खरंच काहीतरी आहे!"

म्हणजे या खोलीत चमत्कारावर सर्वांत जास्त विश्वास बसलेला भक्त खुर्चीतच बसला होता.

"तुमच्यात काही नाही," अप्पा शांतपणे म्हणाले. "ऐका. मूळ खेळात दीपगृहवाला बिनकामाचा. पाहुणा करणाऱ्यानं पाहिलं, हा रिकामा बसलाय, म्हणून त्यालाच जुंपलं. माझ्या मुलानं त्याच माणसाला आपला चेहरा दिला होता. या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. पाहुणा शेवटी चढला, म्हणून पाय पाहुण्याचे. चेहऱ्याला त्यानं हात लावला नाही, म्हणून चेहरा मुलाचा. पाहुणा दार ठोठावतो, पण मुलानं दिलेल्या शरीराला ठोठावायची हालचाल शिकवलेलीच नाही. शरीराला काय करायचं ते कळलं नाही, की ते हात ताठ पसरून उभं राहतं. संगणकात माणसाचा पुतळा घडवताना तो असाच हात पसरून उभा असतो, म्हणे. वहीत लिहिलंय. आणि कुलपामुळे दार उघडत नाही, म्हणून तो तिथेच. झाला आशीर्वाद."

"हे सगळं लिहिलेलं होतं?" शिंपिणीनं विचारलं.

"निम्मं रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येत होतं. पिवळ्या त्रिकोणात, दोन ओळींत."

सगळ्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर चष्मा पुसत होते. तो त्यांनी बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "अप्पा, मी वाचलं नव्हतं." तीस वर्षांत त्यांनी एवढं प्रामाणिक वाक्य वर्गात उच्चारलं नसेल, अप्पांना त्या दिवशी ते गुरूपेक्षा कितीतरी मोठे वाटले.

गुरू जिना उतरून गेले ते चपला शोधायलाही थांबले नाहीत. त्यांची खालची पाटी आठवड्यात उतरली. वरची राहिली, आणि ते बरं झालं. संगणक त्यांना खरोखरच दुरुस्त करता येत होते.

दुपारी पेट्या भरताना थोरल्या नातीनं विचारलं, "आजोबा, बाबांचा चेहरा परत लावाल ना?"

अप्पांनी सुनेकडे पाहिलं. तिनं होकाराची मान हलवली. त्यांनी पाहुणा आणि कुलूप उतरवलं, चेहरा परत लावला. दीपगृहवाला आपल्या जागी जाऊन बसला. फोटो भिंतीवर असतो, हा खेळात आहे. फोटोला आपण जेवायला बोलावत नाही आणि त्याच्यासाठी नोकरीही सोडत नाही. सोमवारी नऊला दहा मिनिटं कमी असताना सून रुग्णालयात हजर झाली.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. समोर अजब काही दिसलं तर हात जोडण्याआधी विचारा: काल यात काय होतं, आज काय जास्तीचं आहे, ते कोणी आणलं, आणि एकेक काढून पाहिलं तर काय उरतं? हे विचारायला फार शिक्षण लागत नाही. लिहिलेलं असेल ते शेवटपर्यंत वाचा, कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. आणि जिथे कोणी म्हणतं "माझ्याशिवाय कोणी हात लावू नका", तिथे हात लावून पाहाच. माणूस गेल्याचं दुःख खरं असतं. त्या दुःखाला कोणी दाराशी उभं करून ठेवत असेल, तर त्याला घरात घेऊ नका.

अप्पांचा मुलगा त्या वर्षी फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, दुपारी सव्वातीन वाजता, कामावर असताना हृदय बंद पडून वारला. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. त्यानंतर तो कुठेही आलेला नाही.